दोन कुलपांचा पूल

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मुख्याधिकारी साहेबांचा फोन आला, तेव्हा बाई आरशासमोर उभ्या राहून केसांना पिना लावत होत्या.

"बाई, पूलकाका पडलेत. खाली नदीकाठच्या खडकांवर सापडले. जिवंत आहेत, पण शुद्ध नाही."

बाईंच्या तोंडातली पिन गळून पडली.

"पूल तुटला का साहेब?"

"छे हो. फळीन् फळी शाबूत आहे. दारही बंद होतं, दोन्ही कुलपं लागलेली. म्हाताऱ्याच्याच डोक्यात काहीतरी आलं असणार. चौकशी तुम्ही करा. चार वाजता कंपनीबरोबर संयुक्त बैठक लावलीय, तोवर अहवाल द्या. दोन पानं पुरेत."

फोन ठेवला तरी बाई तशाच उभ्या राहिल्या. चौकशी आणि त्यांनी करायची?

त्याचं कारण असं. दरीवरचा तो झुलता पूल पालिकेचा होता. सहा वर्षांपूर्वी एका खासगी कंपनीबरोबर भागीदारीचा करार झाला. तेव्हापासून पूल पालिकेचा, तिकीटखिडकी कंपनीची, फलकावर नाव दोघांचं आणि जबाबदारी नेहमी समोरच्याची. सोमवारी पूल बंद. त्या दिवशी पालिकेच्या पर्यटन अधीक्षकांनी, म्हणजे बाईंनी, स्वतः जाऊन पाहणी करायची, असं करारात लिहिलेलं. पहिली साडेपाच वर्षं बाई इमानेइतबारे गेल्याही. मग सोमवारच्या बैठका आल्या, गुडघा आला, आळस आला. पुलाचे जुने राखणदार पूलकाका एकेका फळीवर काठी आपटून आवाज ऐकायचे आणि खराब फळ्यांचे आकडे फोनवर सांगायचे. बाई ऑफिसात बसून कागद भरायच्या: 'पालिकेचे कुलूप माझ्या किल्लीने उघडून स्वतः पाहणी केली.' खाली झोकदार सही.

असे एकोणीस सोमवार झाले होते. एका सोमवारी अकरा वाजता साहेब त्यांच्या टेबलापाशी आले. अकरा वाजता आपण पुलावर आहोत, असंच बाई त्या क्षणी कागदावर लिहीत होत्या. साहेबांनी कागद पाहिला, बाईंना पाहिलं, हसले आणि खाली आपली सही ठोकून दिली.

बाईंना ते हसू अजून खात होतं.

*

साडेनऊला त्या पुलाच्या दाराशी पोचल्या. खालच्या पायवाटेनं पूलकाकांना केव्हाच दवाखान्यात नेलं होतं. दारापाशी कंपनीचा मॅनेजर पहारा दिल्यासारखा उभा होता. बाजूला तिकीटखिडकीवाली डोळे पुसत होती. खिडकीपुढच्या कुंड्यांमधली माती भेगाळली होती आणि रोपांनी माना टाकल्या होत्या.

"कुणी आत गेलं होतं?" बाईंनी विचारलं.

"कुणीच नाही मॅडम. तुम्ही येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही, असं तुमच्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं."

"पलीकडून कुणी येऊ शकतं?"

"पलीकडे नुसता कडा आहे. जायचं-यायचं इथूनच."

बाईंनी पर्समधून किल्ली काढली आणि दाराकडे पाहून थबकल्या. दाराच्या कडीला दोन भोकं होती. एकात पालिकेचं कुलूप, दुसऱ्यात कंपनीचं. दोन्ही निघाल्याशिवाय कडी सरकायची नाही. त्यांच्या आठवणीतलं दार असं होतं. आता ती भोकं रिकामीच होती. दाराच्या गजांमधून एक साखळी फिरवलेली, आणि तिच्या एका टोकाला पालिकेचं कुलूप, दुसऱ्याला कंपनीचं, अशी दोन्ही कुलपं एकमेकांत अडकवलेली होती.

"हे केव्हापासून?"

मॅनेजरनं भुवया उंचावल्या. "चार-साडेचार महिने झाले. तुम्हाला माहीत नाही? पूलकाकांनीच केलंय. कुठलंही एक कुलूप उघडलं की साखळी सुटते. नाहीतर रोज दोन्ही किल्ल्यांची वाट बघत बसायला लागायचं." मग तो जरा चाचरत म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही तर दर सोमवारी..."

बाईंनी त्याला पुरं बोलू दिलं नाही. त्यांना आठवलं. साडेचार महिन्यांपूर्वी काकांचा फोन आला होता, 'बाई, सोमवारी तुमच्याच किल्लीनं उघडायचा नियम, मिस्त्री खोळंबलाय.' आणि त्या वैतागून म्हणाल्या होत्या, 'काका, तुम्हीच करा ना काहीतरी सोय.' काकांनी सोय केली होती. ती सगळ्या जगाला ठाऊक होती, फक्त पुलाच्या अधीक्षकांना नव्हती.

"पालिकेच्या किल्ल्या दोन," मॅनेजर बोटांवर मोजत म्हणाला. "एक तुमच्याकडे, एक काकांकडे. आमच्याही दोन. एक माझ्याकडे, एक खिडकीत. मला तर सरळ दिसतंय. काकांनी आपल्या किल्लीनं पालिकेचं कुलूप काढलं, आत गेले, गजांतून हात घालून परत लावलं आणि... त्यांची किल्ली त्यांच्या खिशातच सापडली. आमच्या कंपनीचा काही संबंध नाही."

ऐकायला चोख होतं. साहेबांनाही हेच हवं होतं, कंपनीलाही. दोघांनी मिळून खापर फोडायला एक बेशुद्ध म्हातारा सापडला होता.

बाईंनी पालिकेच्या कुलपात किल्ली घातली. ती शिरेना. त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. कुंभारमाशीनं किल्लीच्या भोकात मातीचं घर बांधलं होतं. माती वाळून दगड झालेली, भोक काठोकाठ बुजलेलं, आणि त्यावर एक ओरखडाही नव्हता.

  फोन काढून त्यांनी कुलपाचे चार फोटो घेतले.

"तुमच्या किल्लीनं उघडा," त्या म्हणाल्या. मॅनेजरनं उघडलं.

"आज सकाळी सहा ते आठ तुम्ही कुठे होता?"

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. साडेपाचपासून तिथेच होतो. नर्सला विचारा, तिनं मला तीनदा बाहेर हाकललंय."

बाईंनी तिथूनच फोन लावला. नर्सनं तीनदा नाही, चारदा म्हणून सांगितलं.

*

दाराला लागूनच पूलकाकांची खोली. पालिकेनं दिलेली, अकरा वर्षं ते तिथे राहत होते. आत त्यांची मुलगी पिशवीत कपडे भरत होती. ती गावात सासरी असायची, खबर ऐकून धावत आली होती.

"दवाखान्यात लागतील म्हणून नेतेय," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि तुमचे साहेब दवाखान्यात येऊन काय म्हणाले माहितीय? बाबांची चूक निघाली तर तीन दिवसांत खोली रिकामी करा. माणूस मरणाच्या दारात आहे आणि ह्यांना खोलीची पडलीय! बाबांनी उडी मारली म्हणतात. माझे बाबा? ते पुलावर मुंगीला जपून चालायला सांगतील!"

बाईंनी मान खाली घातली. खाली घातली म्हणूनच त्यांना दिसलं. खाटेखाली चपला होत्या, आणि खाटेवर उघडाच पडलेला चष्मा.

"बाबा चपलांशिवाय जातात पुलावर?"

"कधीच नाही. फळीचा खिळा लागतो म्हणून आम्हालाही ओरडतात." मुलगी थांबली. "म्हणजे ते पळत गेले?"

भिंतीवर पाटी टांगली होती. तिच्यावर खडूनं लिहिलेलं: 'रविवार संध्याकाळ. ६३.' पुढे मोठी फुली.

बाईंनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. तो कंपनीचा माणूस, फळ्या बदलायचं काम त्याच्याकडे. आज नऊला येऊन त्रेसष्ट नंबरची फळी बदलायचीय, असा निरोप काकांनी त्याला कालच दिला होता. दोघं पुलावर गेली. दर दहाव्या फळीवर आकडा रंगवलेला होता. साठपासून बाईंनी मोजायला सुरुवात केली. एकसष्ट, बासष्ट. त्रेसष्टावी फळी कोरी करकरीत होती.

"कुणी बदलली ही?" मिस्त्री उकिडवा बसला आणि त्याचा पारा चढला. "आणि हे काय केलंय? नट वर! बाई, नट नेहमी खाली असतो. नाहीतर माणसं ठेचकाळून पडतील. त्यासाठी ह्या तारेला धरून अर्धं बाहेर लोंबकळायला लागतं. ज्यानं हे केलं त्याची खाली बघायची छाती झाली नाही. माझ्या हातचं नाही हे. काकांच्याही नाही, त्यांनीच मला शिकवलंय."

"फळी आणि पाना आणला कुठून?"

"काकांच्या ओसरीत थप्पी आहे, माझी पेटीही तिथेच असते. काल बारा फळ्या मोजून ठेवल्या होत्या." तो मागे गेला आणि मोजून आला. "अकरा आहेत."

बाई तारेला धरून उभ्या राहिल्या. खाली खडक दिसत होते. काल संध्याकाळी फळी खराब होती. काका पडले. मग कुणीतरी नवी फळी बसवली, दार लावलं आणि निघून गेलं. तुटकी फळी नदीत गेली असणार. आणि ज्याला हे सगळं करायला वेळ होता, त्याला एक फोन करायला वेळ नव्हता?

तेवढ्यात साहेबांचं सकाळचं वाक्य त्यांच्या डोक्यात लख्ख उभं राहिलं. दार बंद. कुणी आत गेलेलं नाही. दारातून बघावं तर पुलाचा मधला भाग खाली झुकलेला, तिथल्या फळ्या दिसतच नाहीत. मग फळीन् फळी शाबूत असल्याचं साहेबांना आठ वाजता कुणी सांगितलं?

*

खिडकीवालीला त्यांनी खिडकीच्या आत बसवलं आणि दार ओढून घेतलं.

"आज सुट्टी. मग साडेसातला का आलीस?"

"कुंड्यांना पाणी घालायला, ताई."

"घातलंस?"

"हो."

"माती कोरडी ठणठणीत आहे. तुझी किल्ली कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये."

"दाखव."

तिनं ड्रॉवर उघडला, चाळवला, बंद केला. "घरी राहिली वाटतं."

"कुणाला दिलीस?"

ती ड्रॉवरची मूठ चाळवत राहिली. बाईंनी आवाज चढवला नाही. चढवायचा हक्क कुठला होता त्यांना?

"हे बघ," त्या म्हणाल्या, "खोटं बोलून गप्प बसलं की कसं वाटतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. साडेचार महिने बोलतेय मी. रात्री जेवण जात नाही. तू एका दिवसातच सोडव स्वतःला."

खिडकीवालीचा बांध फुटला. "साहेबांनी नेली. तुमच्या. काल संध्याकाळी आले होते. दुसऱ्या गावच्या पालिकेचे दोन पाहुणे आलेत म्हणाले, आपली भागीदारी बघायला. सकाळी नवाच्या गाडीनं जाणार, तेवढ्यात सूर्योदय दाखवतो. मी म्हटलं, साहेब, सोमवार आहे. तर म्हणाले, आता तुमचं-आमचं असं काही राहिलंय का? किल्ली कुंडीखाली ठेवतो, सकाळी घेऊन जा. मी आले तर कुंडीखाली काहीच नव्हतं. म्हणून कठड्याशी जाऊन बघितलं, साहेब पुलावर आहेत का. तर खाली..."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आठ वाजता त्यांचा फोन आला. म्हणाले, किल्ली देणं हा गुन्हा आहे, नोकरी जाईल. मला दोन मुलं आहेत, ताई."

बाईंनी विश्रामगृहातून पाहुण्यांचा नंबर मिळवला. पाहुणे गाडीत होते. बाईंनी नाव-हुद्दा सांगायच्या आतच पलीकडून प्रश्न आला, "ते काका कसे आहेत हो?"

*

चार वाजता बैठकीला पालिकेचे चार सदस्य, कंपनीचे संचालक, मॅनेजर आणि मधल्या खुर्चीत साहेब. मिस्त्री आणि खिडकीवाली भिंतीला टेकून उभी. साहेबांनी चहाचा घोट घेतला.

"वाचा बाई. थोडक्यात."

"पूलकाकांनी उडी मारली नाही," बाई म्हणाल्या, "आणि ते आपल्या किल्लीनं आतही गेले नाहीत. पालिकेचं कुलूप आज सकाळी उघडलेलंच नाही. हे फोटो. कुंभारमाशीचं घर आहे, वाळून कडक झालेलं. हे कुलूप कित्येक आठवडे उघडलेलं नाही. म्हणजे पूल कंपनीच्या किल्लीनं उघडला गेला आणि तिनंच बंद झाला."

पालिकेच्या सदस्यांच्या माना एकदम ताठ झाल्या. संचालक खुर्चीतून अर्धे उठले.

"बसा. किल्ली कंपनीची होती, हात कंपनीचा नव्हता. मॅनेजर दवाखान्यात होते, खात्री केलीय. दुसरी किल्ली काल संध्याकाळी आपल्या मुख्याधिकाऱ्यांनी नेली. आज सकाळी सहाला ते दोन पाहुण्यांना घेऊन पुलावर गेले."

"बाई," साहेब म्हणाले, "जपून बोला."

"काकांनी खोलीतून माणसं पाहिली. त्रेसष्टावी फळी कुजलीय, हे तिथे फक्त त्यांनाच माहीत होतं. ते अनवाणी, चष्म्याशिवाय धावले. पुढचे पाहुणे त्या फळीवर पाय ठेवणार, तेवढ्यात काकांनी पुढे घुसून त्यांना मागे ढकललं. त्या झटक्यात काकांचाच पाय फळीवर पडला. हे मी रचलेलं नाही. ज्यांना ढकललं त्यांनी फोनवर सांगितलंय, लेखीही पाठवलंय. साहेबांनी त्यांना सांगितलं, तुम्ही गाडी गाठा, मी अँब्युलन्स बोलावतो."

बाईंनी पान उलटलं.

"साहेबांनी अँब्युलन्स बोलावली नाही. ओसरीतली फळी आणली, नट उलटा लावून बसवली, तुटकी नदीत टाकली, साखळी लावली आणि घरी गेले. काका दीड तास खडकांवर पडून होते. साडेसातला खिडकीवर बसणाऱ्या हिला ते दिसले. फळीन् फळी शाबूत असल्याचं साहेबांनी मला आठ वाजून दहा मिनिटांनी सांगितलं. तेव्हा पुलावर कुणी गेलेलंच नव्हतं. ज्यानं फळी बसवली त्यालाच ते ठाऊक होतं."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते हसले. तेच हसू.

"बाई, माशीच्या घरावर तुमचा सगळा डोलारा उभा आहे. ते कुलूप आठवडेच्या आठवडे उघडलं नाही म्हणता? मग तुमचे पाहणीचे कागद काय म्हणतात? दर सोमवारी तुमच्या किल्लीनं उघडलंत ना? दोन्ही खरं कसं असेल?"

"म्हणूनच तुम्ही चौकशीला मला नेमलंत," बाई म्हणाल्या. "ह्या कुलपाकडे दुसऱ्या कुणीही पाहिलं असतं. मी पाहणार नाही, पाहिलं तर बोलणार नाही, अशी तुमची खात्री होती. खात्री बरोबरही होती, साहेब. सकाळी दारात उभी असताना माझ्या मनात आलं होतं, मातीच आहे, पिनेनं खरवडली तर निघेल."

त्यांनी पिशवीतून कागदांची चळत काढून टेबलावर ठेवली.

"हे एकोणीस कागद. सगळे खोटे. मी एकाही सोमवारी गेले नाही. कुलपं एकमेकांत अडकवायला काकांना मीच भाग पाडलं. पहिल्या रीतीनं दोन्ही कुलपं लागलेली असती, तर साहेबांना एका किल्लीनं आत जाता आलं नसतं आणि काका पडले नसते. अहवालात आरोपी दोन आहेत. दुसरं नाव माझं आहे."

"हे सगळं इथेच मिटवता येईल," संचालक घाईनं म्हणाले. "भागीदारीचं नाव..."

"येताना पोलीस ठाण्यात एक प्रत देऊन आलेय."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. 

*

बाहेर बाकावर काकांची मुलगी बसली होती. बाईंना पाहून ती उठली.

"डॉक्टर म्हणाले, वाचतील. पायाचं काही सांगता येत नाही."

"खोली तुमचीच राहील," बाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांची काही चूक नव्हती. त्यांनी एका माणसाचा जीव वाचवला."

मुलीनं त्यांचे दोन्ही हात धरले. बाईंनी ते सोडवून घेतले आणि उरलेलंही सांगितलं, एकोणीस सोमवारांचं, किल्लीचं, सोय करा म्हटल्याचं. सांगताना त्यांना वाटलं, ही चिडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

 मग तिनं विचारलं, "म्हणजे तुम्ही येणारच नव्हता?"

"नाही."

"बाबा दर सोमवारी ओसरीत तुमच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायचे," ती म्हणाली. "दोनपर्यंत तिच्यावर कुणाला बसू द्यायचे नाहीत."

तिनं कपड्यांची पिशवी उचलली आणि ती दवाखान्याकडे निघाली.